सुक्या लाकडाची होडी

पॅटर्न मेकर म्हणजे नेमकं काय करतो, हे मी आजवर इतक्या लोकांना समजावून सांगितलंय की तेवढ्या वेळात दोन-चार पंपांचे पॅटर्न करून मोकळा झालो असतो. तरी पुन्हा सांगतो, कारण पुढची सगळी फजिती त्यातूनच झाली.

बिडाची एखादी वस्तू, म्हणजे पंपाचं कवच म्हणा किंवा मोटारीची पुली म्हणा, ओतायची असली की आधी तीच वस्तू लाकडात करावी लागते. ती वाळूत घट्ट दाबायची, अलगद काढून घ्यायची आणि वाळूत जो खळगा राहतो त्यात वितळलेलं बीड ओतायचं. ती लाकडी वस्तू करणारा तो पॅटर्न मेकर. कारखान्याबाहेर पडतं ते बीड, आमचं लाकूड मांडणीवर धूळ खात पडतं. लग्नात आचाऱ्याला जेवढा मान, तेवढाच आम्हाला.

यातली खरी गोम अशी की बीड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न थोडा मोठा करायचा. त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा इंच जगाच्या इंचापेक्षा जरा मोठा. माझ्या मेहुण्याने एकदा घरातला कोनाडा साध्या टेपने मोजला आणि त्यात बसवायचं कपाट माझ्या पेटीतल्या या पट्टीने केलं. ते कपाट आजही कोनाड्याच्या बाहेर उभं आहे आणि मेहुणा त्याबद्दल माझ्याशी फारसं बोलत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सुकं लाकूड. आमच्या धंद्यात ओल हा एक नंबरचा शत्रू. लाकूड जरा दमट झालं की माप गेलं, माप गेलं की माल गेला. अंबडच्या ज्या कारखान्यात मी उमेदीची सगळी वर्षं काढली, तिथे आमच्या शॉपमध्ये, म्हणजे लाकूडकामाच्या खात्यात, पिण्याच्या पाण्याचा माठसुद्धा दाराबाहेर असे. भर पावसाळ्यात ओली छत्री घेऊन आत आलेल्या एका साहेबांना मी दंडाला धरून बाहेर नेलं होतं. नंतर कळलं की ते माझ्या बढतीबद्दल बोलायला आले होते.

पुढे अॅल्युमिनियमचे आणि थर्मोकोलचे पॅटर्न आले, आमच्या लाकडाचे दिवस फिरले. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास मी कारखाना सोडला आणि अंबडलाच एक पत्र्याची शेड घेऊन बसलो. येईल ते काम घ्यायचं असं ठरवल्यामुळे येतील तशी माणसं आली. एक जण बिडाचं तुळशीवृंदावन ओतून हवं म्हणून आला, का तर दगडाचं त्याच्या भावाकडे होतं. अशा गिऱ्हाइकांच्या रांगेत एके दिवशी नाना आले.

नाना म्हणजे दिंडोरी तालुक्यातले द्राक्षबागायतदार. साठीच्या आसपासचे, अंगाने आडवे, आवाजाने उभे. देवळालीला कुणा साहेबाचा जुना बंगला रिकामा होत होता, तिथे फवारणीसाठी जुनं इंजिन मिळेल म्हणून ते ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन गेले आणि ट्रॉलीत शिडाची होडी टाकून परत निघाले. वाटेत माझी शेड. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की लाकडात ह्या माणसाचा हात धरणारा नाशकात कुणी नाही. सांगणारा कोण ते मला अजून कळलेलं नाही. कळलं तर मला त्याच्याशी थोडं बोलायचं आहे.

होडी पाहून मला आधी वास आला. बंगल्याच्या मागे ती कैक वर्षं पालथी पडून होती आणि तिच्याखाली कोंबड्यांनी संसार थाटला होता. फळ्या सागवानी, पण त्यांच्या फटींतून माझी बोटं आरपार जात होती. आतल्या बरगड्या, म्हणजे फळ्या ज्यांवर ठोकतात ती वाकवलेली लाकडं, निम्म्या मोडलेल्या. शीड उंदरांनी खाल्लेलं. डोलकाठी मात्र शाबूत, कारण बंगल्यातली बाई तिच्यावर धुणं वाळत घालत असे.

"नाना, हे सरपण कशाला आणलंत?" मी विचारलं.

"सरपण नाय मिस्त्री, बोट हाय. दिवाळीपर्यंत पाण्यात चालली पायजे," नाना म्हणाले. "भाऊबीजेला अक्काला आणायचीय."

मग ट्रॉलीच्या सावलीत बसून त्यांनी सगळं सांगितलं. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिचं सासर नदीपलीकडच्या गावात. पूर्वी ती नदीतल्या दगडांवर पाय देत सकाळी माहेरी यायची आणि दिवे लागायच्या आत परत जायची. पुढे नदीवर धरण झालं, नानांचं जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि वरच्या माळावर नवं बसलं. दोन्ही गावांच्या मधे पाणीच पाणी. रस्त्याने जायचं तर सगळ्या धरणाला वळसा घालून दोन एसट्या बदलायच्या. आणि अक्काला एसटी लागते. बसली की उलट्या. नानांनी जीप पाठवून पाहिली, तर म्हणे जीपही लागते. त्यामुळे धरण झाल्यापासून अक्का एकदाही माहेरी आली नव्हती. नाना दर भाऊबीजेला तिकडे जाऊन ओवाळून घेत आणि दरवर्षी चल म्हणत. शेवटी ती एकदा म्हणाली होती, "पाण्यातनं न्यायची सोय कर, मग येते."

"म्हणून बोट," नाना म्हणाले. "तिचे गुडघे गेलेत आता. मला काय ती दरसाल भेटंल असं धरून चालता येत नाय. माझ्या घराला तिचे पाय लागलेले नाहीत, मिस्त्री."

एवढा आडवा माणूस हे सांगताना माझ्याकडे न बघता ट्रॉलीच्या टायरकडे बघत होता. मी काम घेतलं. होडी मी तोवर फक्त कॅलेंडरवर पाहिली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

सबंध उन्हाळा मी त्या होडीवर खपलो. आधी कोंबड्यांचा संसार खरवडून काढला. बरगड्या नव्या करायच्या तर लाकूड वाफेवर मऊ करून वाकवावं लागतं. घरचा तांब्याचा बंब आणून त्याच्या तोंडाला पाइप लावला, त्यात पट्ट्या शिजवल्या आणि हाताला चटके बसत असताना जागेवर वाकवून बसवल्या. शेजारच्या कारखान्यांतली माणसं जेवणाच्या सुट्टीत बघायला येत. नाशकात होडी दिसली की लोकांना एकच सुचतं. जो तो विचारायचा, "कुठल्या मंडळाचा देखावा? यंदा लवकर घेतलाय."

आणि मी लाकूड सुकवलं. पत्र्याच्या शेडमध्ये, एप्रिल-मेच्या काहिलीत, होडीचा अगदी पापड होईपर्यंत सुकवलं. मग एकेक फळी रंधून दुसरीला अशी भिडवली की मधून केस जाणार नाही. जिथे शंका वाटली तिथे दोन डबे मिसळून करायचा पक्का डिंक भरला. होडी पुरी झाली तेव्हा कारखान्यातले माझे जुने सुपरवायझर तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "सांधा कुठंय?" आयुष्यात त्यांनी माझी केलेली ही एकमेव स्तुती. मी त्या दिवशी घरी पेढे नेले.

शीड शिवायला नानांनी दिंडोरीच्या मांडववाल्याकडे दिलं, कारण एवढं मोठं कापड शिवणारं मशीन त्याच्याकडेच होतं. त्याने कनातीच्या कापडाचं मजबूत शीड शिवलं आणि सवयीने खालच्या कडेला लाल झालर लावली. नाना काढून टाक म्हणाले तर त्याला वाईट वाटलं. म्हणून झालर राहिली.

होडी हाकायला कोण शिकवणार हा प्रश्नही नानांनी परस्पर सोडवला. द्राक्षवाल्याला वारा शिकवावा लागत नाही. औषध मारताना वारा कुठून येतोय हे चुकलं तर ते औषध आपल्याच नाकातोंडात जातं. "सकाळी वारा डोंगरावरनं पाण्याकडं, दुपारी उलटा," नाना म्हणाले. "सकाळी जायचं, दुपारी यायचं. मधे वल्ही हायेत."

दसरा होऊन पंधरा दिवस झाल्यावर, धरण तुडुंब भरलेलं असताना आम्ही होडी पाण्यात सोडली. नारळ फोडला. नानांच्या मंडळींनी, म्हणजे आमच्या वहिनींनी, होडीला हळदकुंकू लावलं. अर्धं गाव काठावर उभं होतं, त्यातलं बरंचसं ती बुडताना बघायला आलेलं. होडी तरंगली. आत पाण्याचा एक थेंब नाही. मी रुमालाने तळ पुसून कोरडा रुमाल सगळ्यांना दाखवला. तो दाखवायला नको होता, असं आता वाटतं.

होडी काठच्या बाभळीला बांधून मी अंबडला परत आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या कारखान्यात माझ्या नावाने फोन आला.

"मिस्त्री," नाना म्हणाले, "बोट हाय, पण दिसत नाय."

मी पोचलो तेव्हा पाण्यावर फक्त डोलकाठी होती आणि तिच्या टोकावर एक खंड्या मासे टिपायला बसला होता. काठावर आदल्या वेळचंच अर्धं गाव होतं आणि या वेळी ते समाधानी होतं. ट्रॅक्टरला दोर लावून होडी ओढून काढली. तळाची एक फळी बरगड्यांपासून सुटून, स्क्रू उपटून, धनुष्यासारखी बाहेर आली होती.

मला आधी वाटलं कुणीतरी पहार घातली. मग मी पेटीतून पट्टी काढून ती फळी मोजली. रंध्याखालून काढली होती त्यापेक्षा ती चांगलीच रुंद झाली होती. शेजारचीही, तिच्या शेजारचीही. सगळ्या फळ्या पाणी पिऊन फुगल्या होत्या आणि फुगायला मी केसभरही जागा ठेवली नव्हती. मग त्यांनी एकमेकींना रेटलं आणि जी कमजोर होती ती बाहेर पडली. बीड किती आकसेल याचा हिशेब मी जन्मभर केला, पण लाकूड किती फुगेल याचा एकदाही केला नव्हता. गंमत म्हणजे माझे वडील गावी बैलगाड्या करायचे. उन्हाळ्यात चाकं खिळखिळी झाली की लोक ती ओढ्यात टाकून ठेवत, लाकूड फुगून चाक घट्ट होई. हे मी लहानपणी रोज पाहिलेलं. कारखान्यात गेल्यावर ते मला अडाणी काम वाटायला लागलं आणि मी विसरून गेलो.

नाना काठावर उकिडवे बसले होते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "अक्काला सांगून पाठवलंय, मिस्त्री. यंदा पाण्यातनं येतो म्हणून."

भाऊबीज आठवड्याच्या आत आली होती. होडी अंबडला न्यायला वेळ नव्हता, म्हणून मी नानांच्या द्राक्षं भरायच्या शेडमध्येच पेटी उघडली. आणि माझ्या हाताने माझे सांधे फोडले. ज्या सांध्यांवरून सुपरवायझरांनी हात फिरवला होता, त्यांत करवत घालून फटी पाडल्या. कुणाला खरं वाटणार नाही, पण चांगलं काम बिघडवायला ते करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. हातच चालत नाही.

त्या फटींत भरायला कापसाचा पीळ हवा होता, म्हणजे फळी फुगली की कापूस दबून बसेल आणि पाणी अडेल. एवढा पीळ वळणार कोण? वहिनी आणि त्यांच्या भजनातल्या बायका ओट्यावर बसून त्रिपुरी पौर्णिमेच्या वाती वळतच होत्या. मी जरा जाड आणि लांब वळून मागितल्या.

"किती लांब?" वहिनींनी विचारलं.

"होडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. अशा भरपूर."

"अगं बाई, कुठल्या देवाला लागतात एवढ्या?" एक बाई म्हणाली.

"आमच्या वन्संना," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "भावजी, एक सांगू का? वन्संच्या मनात यायचं असतं ना, तर त्या बैलगाडीनंसुद्धा आल्या असत्या. पण ह्यांना सांगू नका. लय आशेवर हायेत."

मी नानांना काही सांगितलं नाही. पटाशीच्या बोथट बाजूने वाती फटींत ठोकल्या, वरून राळ आणि तेल एकत्र उकळून ओतलं. आणि मग होडीत दगड घालून ती काठच्या उथळ पाण्यात मुद्दाम बुडवली, फळ्या सावकाश फुगाव्यात म्हणून. हे बघायला मात्र अख्खं गाव आलं. एकदा बुडाली ते समजलं, आता दगड घालून बुडवतायत, नानांचा मिस्त्री कामातून गेला, असं एक म्हातारा माझ्यासमोरच दुसऱ्याला सांगत होता.

भाऊबीजेच्या सकाळी होडी उपसून काढली. तरंगली. थेंब थेंब पाणी आत येत होतं, पण ते डब्याने काढता येण्यासारखं होतं. नाना सुकाणूवर बसले, नवा फेटा बांधून. मी पायाशी कापलेला तेलाचा डबा घेऊन बसलो. पोहता येत नसल्याने मी ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये बसलो होतो, त्यामुळे वाकून पाणी काढणं अवघड जात होतं. वारा नानांनी सांगितला तसा आला, शीड फुगलं, झालर फडफडली आणि आम्ही निघालो.

पलीकडच्या काठावर लोक जमले. लांबून त्यांना वाटलं होतं की कुणाचा तरी मांडव वाहून चाललाय. पुढे अक्का उभी होती, उंच, काटकुळी, हातात काठी.

"नान्या, कुणाचं लगीन मोडून आलास रे?" ती म्हणाली.

"तुला न्यायला आलोय. तूच म्हणली होतीस, पाण्यातनं सोय कर."

अक्काने काठीने घराची वाट दाखवली. आम्हाला घरी नेलं, पाटावर बसवून नानांना ओवाळलं, मलाही ओवाळलं, जेवायला वाढलं. जेवणानंतर करंज्या पुढे ठेवल्या. नाना म्हणाले, "आवर अक्का, वारा फिरंल आता."

अक्का दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "नाना, मला एसटी लागत नाय."

"आं?"

"कधीच लागली नाय. तुझी जीप पण नाय लागत. डोळ्याचं आपरेशन झालं तवा मी नाशिकला एसटीनंच गेले, एसटीनंच आले."

"मग एवढी वर्सं?"

"तुझं घर चांगलं हाय. गच्ची हाय, फरशी हाय, तुझी बायको गुणाची हाय. पण ते तुझं घर. माझं माहेर पाण्यात गेलं. मी यायचं कुठं? तुला तसं कसं सांगू? म्हणून म्हणलं, पाण्यातनं सोय कर. वाटलं, ह्या धरणात कोण बोट आणतोय."

माझ्या तोंडात करंजी होती. ती चावावी की नाही हे मला कळेना. नाना खाली मान घालून बसले. माणूस एवढा लहान दिसू शकतो हे मी तेव्हा पाहिलं. मग उठले, फेटा सारखा केला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग. तुला जमंल तवा ये. आम्ही निघतो."

आम्ही ओसरीच्या पायऱ्या उतरलो, तोवर अक्का आत जाऊन आली. अंगावर नवं लुगडं, हातात एक गाठोडं.

"आता आणलीस ना बोट?" ती म्हणाली. "मग चल."

नानांनी तिला हाताला धरून होडीत बसवलं. वारा फिरला होता आणि शीड आम्हाला ओढून नेत होतं. धरणाच्या मध्यावर आल्यावर अक्का समोरच्या डोंगराकडे बघत बोलायला लागली. त्या सुळक्याच्या बरोबर समोर आपला ओटा होता. जरा डावीकडं घे. आणखी घे. इथं आड होता. नाना सुकाणू वळवत होते आणि मला सगळीकडे सारखंच पाणी दिसत होतं.

"आलं," अक्का म्हणाली. "थांबव."

"अक्का, ही थांबत नाय."

"मग फिरव इथंच."

नानांनी शीड खाली घेतलं, झालर डोक्यावरून बाजूला केली आणि वल्ही घेऊन त्या जागेभोवती होडी सावकाश फिरवायला लागले. अक्का होडीचा काठ धरून खाली पाण्यात बघत होती. दिसत काहीच नव्हतं. या सगळ्यात माझं पाणी काढायचं राहिलं होतं आणि ते तिच्या घोट्यापर्यंत चढलं होतं, नव्या लुगड्याचा काठ भिजून गेला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ट्यूबसकट घाईने पुढे सरकलो आणि डबा बुडवला.

"अक्का, पाय वर घ्या," मी म्हणालो. "माझ्या कामात कसर राहिलीय. पाणी आत येतंय."

तिने पाय हलवले नाहीत.

"येऊ दे," ती म्हणाली. "माहेरचं पाणी हाय."

मी डबा खाली ठेवला. जरा वेळाने नाना ओरडले, मग पुन्हा उचलला.